कापड दाखव

चारुता मॅडमने खुर्ची फिरवून पाठ केली आणि त्या क्षणी भैयाजी बहिरे झाले. कान तसे पूर्वीच गेले होते. हिंगणघाटच्या गिरणीतल्या लूम शेडने ते थोडे थोडे करून खाल्ले होते. पण आपण बहिरे आहोत हे त्या क्षणापर्यंत भैयाजींना कोणी पटवून देऊ शकलं नव्हतं. सावंगीच्या दवाखान्यातली ती काचेची खोली, कानांवर जाड हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच काम. भैयाजींनी ते मोठ्या ऐटीत सुरू केलं होतं. काचेपलीकडे मॅडम यंत्राची कळ दाबायच्या तेव्हा त्यांचा उजवा खांदा जरासा हलायचा, आणि खांदा हलला की भैयाजी बटण दाबायचे. यात आपण काही लबाडी करतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. ऐकणं म्हणजे बघणं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. मॅडम मात्र हुशार निघाल्या. दोन-तीनदा त्यांनी भैयाजींच्या डोळ्यांकडे पाहिलं, आपल्या खांद्याकडे पाहिलं, हसल्या, आणि खुर्ची फिरवली. मग नुसती पाठ. निळ्या ओढणीचा काठ आणि वेणी. भैयाजी वाट बघत राहिले. एवढ्या वेळात या पोरीने एकही आवाज कसा सोडला नाही, मशीन बिघडलं की काय, असं त्यांना वाटू लागलं. मॅडम परत वळल्या तेव्हा त्यांचा चेहराच सांगत होता की त्यांनी बरेच आवाज सोडले होते.

बाहेर आल्यावर मॅडम त्यांच्या अगदी समोर बसल्या आणि ओठ स्पष्ट हलवत बोलल्या, "काका, तुम्ही कानांनी ऐकतच नाही. डोळ्यांनी ऐकता. दोन्ही कानांना यंत्र लागेल. आणि चांगलं लागेल, साध्यानं तुमचं भागणार नाही." रोशनी, त्यांची मुलगी, याच दवाखान्यात नर्स होती. ड्यूटीच्या कपड्यांतच ती मागे उभी होती. तिने पुढे येऊन बापाचं तोंड आपल्याकडे वळवलं. "दादानं सांगतलं हाये, बाबा. चांगल्यातली चांगली घ्या म्हणे. पैशाचं पाहू नका म्हणे." भैयाजींनी हात झटकला. "सस्त्यातली पाह्य. माह्या पेन्शनीत बसते का पाह्य. नाई तं राहू दे. खेळाचे पैसे मले नको." रोशनीचे ओठ पुढे हलत होतेच, पण भैयाजींनी मान खिडकीकडे वळवली होती. बहिऱ्या माणसाला देवाने, म्हणजे ज्याला देव मानायचा असेल त्याच्या देवाने, एक मोठी सोय करून ठेवली आहे. मान वळवली की वाद संपतो. या सोयीचा भैयाजींनी आयुष्यभर मनमुराद उपयोग केला होता. आजही केला, पण आज पहिल्यांदाच मान वळवून जे मिळालं ते फार रिकामं वाटलं. खिडकीबाहेर कडुलिंबाच्या फांद्या जोरजोरात हलत होत्या आणि त्यांचा काही आवाजच नव्हता. तो कधीपासून नव्हता हे त्यांना आठवेना. एखादी गोष्ट आपल्या घरातून कोणी उचलून न्यावी आणि आपल्याला आज कळावं, तसं झालं.

रोशनी वॉर्डात गेली. सुट्टी झाल्यावर बरोबर घरी जाऊ म्हणाली. भैयाजी खालच्या मोठ्या हॉलमध्ये नातेवाइकांच्या बाकांवर येऊन बसले. शेजारी जाम गावच्या चौकात चहा-नाश्त्याचं हॉटेल चालवणारा कैलास होता. त्याची आई भरती होती, आणि सकाळी दोघांची ओळख झाली होती. भिंतीवर टीव्ही होता, आवाज बंद केलेला. भैयाजींना मनातल्या मनात गंमत वाटली. इथे सगळेच आपल्यासारखे बसले आहेत. चित्र बघतात आणि समजल्याचा आव आणतात. मॅडमच्या पाठीने दिलेला झटका अजून ओसरला नव्हता, पण भैयाजी काही खचून जाणाऱ्यांपैकी नव्हते. डोळे आहेत ना, त्यांनी स्वतःला सांगितलं. लूम शेडमध्ये कानवाल्यांचं काय चाललं होतं? तिथे शेकडो माग एकदम धडधडायचे, पायाखालची फरशी थरथरायची, तो थरथराट पोटऱ्यांतून दातांपर्यंत यायचा. शेजारच्याने कानाशी येऊन बोंब ठोकली तरी ऐकू जात नसे. म्हणून शेडला आपली भाषा होती, हातांची. दोन्ही तर्जन्या टोकाला टोक लावायच्या आणि झटकन दूर करायच्या: धागा तुटला. मग ज्या बाजूचा माग, त्या बाजूच्या खांद्यावर दोन बोटं. हनुवटीवर टिचकी: जॉबर, म्हणजे शेडचा मुकादम, येतोय, सरळ उभा राहा. आणि सगळ्यात सुंदर खूण म्हणजे उघडा तळवा एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत हवेत सपाट फिरवायचा, इस्त्री फिरवल्यासारखा. ताका साफ. म्हणजे विणलेल्या कापडाचा अख्खा ताका तपासून झाला, एकही दोष नाही, एक पैसा कापला जाणार नाही. ती खूण जॉबरनेच करायची असे. दुसऱ्या कोणाला तो मान नव्हता. शेवटची काही वर्षं भैयाजी स्वतः जॉबर होते, आणि ती खूण स्वस्त करायची नाही हा त्यांचा बाणा होता. त्यांच्या हातून ती मिळालेला विणकर घरी जाताना छाती काढून चालायचा.

घरीही तीच भाषा आली. कान जात चालले तसं बायको कमलाबाई आणि पोरं जेवताना हातांनीच बोलू लागली. मीठ, पाणी, पुरे, अजून. थोरल्या प्रफुल्लला तर बोलता येण्याआधी खुणा येत होत्या. समोरच्या आळीतल्या कुत्र्याने चटणीच्या मडक्याला तोंड लावलं तर हा दीड हाताचा पोरगा बापाला "धागा तुटला" करून दाखवायचा. भैयाजी हसून हसून आडवे व्हायचे. पुढे गिरणी बंद पडली. फाटकाला कुलूप, आणि मागचं मैदान मात्र उघडं. पोरं त्या मैदानावर फुटबॉल बडवू लागली, आणि त्यातला आपला पोरगा बडवत बडवत पुण्याच्या क्रीडा शाळेत गेला, तिथून कलकत्त्याला, मग गोव्याला, मग अशा पगारावर की तो आकडा भैयाजींनी एकदा विचारला आणि पुन्हा कधी विचारला नाही. त्यांना तो अभद्र वाटला होता. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून जो आकडा मोठ्याने म्हणता येत नाही तो मेहनतीचा कसा असेल? त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं. पोराचा सामना बघायचा नाही. टीव्हीवर सामना लागला की कमलाबाई खुर्ची ओढून बसायच्या आणि भैयाजी वेणा नदीच्या पुलाकडे चालू लागायचे. पोरगा घरी आला की भैयाजींचा पहिला प्रश्न ठरलेला: "कामाचं काय केलं मंग?" पहिल्या काही वर्षांत प्रफुल्ल हसायचा. नंतर हसेनासा झाला.

मागल्या दिवाळीच्या सुट्टीत तो एकदाचा भिडला होता. अंगणात खाटेवर बसलेला, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. भैयाजींनी नेहमीचा प्रश्न टाकला, आणि वर आपलं तत्त्वही सांगितलं, जे त्यांना आजही पक्कं वाटत होतं. "पाळी संपली का कापड दाखवा लागते, प्रफुल. एवढं इनलं, हे पाह्य. तू दिवसभर खेळते, खेळ संपला का हाती काय? कापड दाखव." प्रफुल्ल म्हणाला, "लोकं येते ना पाह्यले. तिकीट काढते." भैयाजी म्हणाले, "रोशनी माणसं जगोते. तिले काय भेटते? तुले काय भेटते? हा हिसाब कोन्या शाळेत शिकवते?" यावर पोरगा गप्प बसेल असं त्यांना वाटलं होतं. तो बसला नाही. "रोशनीले कमी भेटते हे खरं हाये, बाबा. लाज वाटाव इतकं कमी भेटते. पन माह्ये कापले तं ते रोशनीले जातीन काय? मालकाले जातीन. टीव्हीवाल्याचे पैसे, जाहिरातीचे पैसे, तिकिटाचे पैसे, सारा मालक ठेवन. गिरणीच्या फाटकावर तुमीच सांगत होते ना, माल इकल्या जाते तं हातायले हिस्सा भेटला पायजे? मी ऐकलं हाये, तुमच्या खांद्यावर बसून ऐकलं हाये. अन् पस्तिशी आली का मले काढून टाकतीन. हे गुडघे घेऊन मी कुठं जाऊ? तुमचे कान गेले, त्याचे कोनं देल्ले पैसे?" आणि मग जे बोलला ते भैयाजींना लागलं. "तुमाले कमी देल्लं म्हून म्याही कमीच घ्याव का?"

भैयाजींनी मान वळवली होती. कुंपणावरच्या वेलीकडे ते बराच वेळ बघत राहिले होते, आणि जेव्हा परत वळले तेव्हा खाट रिकामी होती. आज इतक्या महिन्यांनी हॉलमध्ये बसून त्यांना उमगलं की ते उत्तर न सुचल्यामुळे वळले होते. उत्तर अजूनही सुचलं नव्हतं. पण प्रश्नही सुटला नव्हता, हे त्यांनी लगेच स्वतःला बजावलं. फाटकावरची गोष्ट वेगळी. तिथे हातात कापड होतं. पोराच्या हातात काय आहे? याचं उत्तर पोराने दिलं नव्हतं. ते मिळेपर्यंत कान बंद राहिले तर राहोत. एवढी वर्षं काय बिघडलं? झाडाचा आवाज नाही आला तर नाही आला. असं म्हणताना त्यांना आपली ऐट थोडी पोकळ वाटली, आणि त्यांनी समोर बघितलं.

टीव्हीवर फुटबॉल लागला होता. कालचा सामना पुन्हा दाखवत होते. भैयाजी उठायला लागले, सवयीने. पण वेणेचा पूल इथे नव्हता, आणि उठून जायचं कुठे, पुन्हा त्या काचेच्या खोलीकडे? ते बसून राहिले. बघायचं नाही, नुसतं समोर तोंड करून बसायचं. सकाळी घरात काहीतरी बिनसलेलं होतं हे त्यांना आठवलं. कमलाबाईंचे डोळे सुजलेले होते, रोशनीने पेपर घडी करून गादीखाली सरकवला होता. त्यांनी विचारलं नव्हतं. पडद्यावर हिरवं मैदान, आणि गोलासमोर निळ्या कपड्यांतल्या चौघांची एक ओळ. ओळ पुढे सरकायची, मागे यायची, उजवीकडे झुकायची. भैयाजींचा डोळा नकळत त्या ओळीवर गेला. मागावरच्या उभ्या धाग्यांचा ताणा असाच सरकतो. चार धागे, पण चौघांमधलं अंतर राखलेलं, एक सरकला की बाकीचे सरकतात. वा, कोणीतरी बरा माणूस ठेवला आहे यांनी, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या कोणाचा चेहरा जवळून दाखवला. प्रफुल्ल होता. घामाने निथळलेला, कपाळावर जुनी खोक, डोळे सतत फिरते. चार माग सांभाळणाऱ्या विणकराचे डोळे. आणि मग त्याने दोन्ही तर्जन्या टोकाला टोक लावल्या आणि झटकन दूर केल्या.

भैयाजी पुढे वाकले. भास झाला असेल. पण पोराची दोन बोटं उजव्या खांद्यावर गेली, आणि त्याच्या उजव्या बाजूला उभा असलेला सोनेरी दाढीचा परदेशी गडी, ताडमाड उंच, चार पावलं आत सरकला आणि फट बुजली. बॉल त्याच्या पायावर येऊन आदळला. मग तो दाढीवाला गोरा डावीकडच्या कुरळ्या केसांच्या पोराकडे वळला आणि त्यानेच, त्या गोऱ्यानेच, हनुवटीवर टिचकी मारली. जॉबर येतोय. म्हणजे तिकडून दुसऱ्या संघाचा मोठा खेळाडू येतोय, सावध. कुरळ्याने मान हलवली. स्टेडियममध्ये माणसं किड्यामुंग्यांसारखी भरलेली, सगळ्यांची तोंडं उघडी. तिथे कानाशी बोंब ठोकली तरी ऐकू जाणार नाही, हे भैयाजींना आवाज न ऐकताही कळत होतं. त्यांच्या पायाखालची हॉलची फरशी थरथरू लागली. हिंगणघाटच्या बंद पडलेल्या गिरणीतली, ज्या फाटकाचं कुलूपही आता गंजून गळालं असेल त्या शेडमधली बोली, कुठला कोण गोरा आणि कुठला कोण कुरळा मैदानावर बोलत होते. आपल्या पोराने त्यांना ती शिकवली होती. भैयाजींना एकदम हसू आलं, आणि हसताना आपण हुंदका देतोय हे त्यांच्या छातीला कळलं. आपला आवाज किती मोठा झाला हे त्यांना कळण्याचं कारण नव्हतं, पण पुढच्या बाकावरच्या दोन बायका वळून बघत होत्या.

मग गोल झाला. कुरळा पोरगा पाय धरून बाहेर गेला होता, त्याच्या जागी नवा आला होता. प्रफुल्लने तर्जन्या जोडून तोडल्या, दोन बोटं डाव्या खांद्यावर ठेवली, पुन्हा तोडल्या. नव्याचं लक्ष बॉलकडे. डावीकडे फट पडली, फटीतून एक जण घुसला, प्रफुल्ल गुडघा ओढत धावला, अर्ध्या पावलाने कमी पडला. बॉल जाळ्यात. कॅमेरा प्रफुल्लच्या चेहऱ्यावर येऊन थांबला, आणि खाली लाल पट्टीत त्याचं नाव आणि काहीबाही. कैलास मांडीवर थाप मारून म्हणाला, आणि भैयाजींनी त्याच्या ओठांवरून शब्द न् शब्द वाचला, "पाह्यलं काका? कोटीनं पैसे घेते अन् नुसता उभा राह्यते. पेपरात आलं ना आज, याच्यामुळंच हारले म्हून. फुकटचे पैसे साले." हे वाक्य भैयाजींच्या ओळखीचं होतं. शब्द इकडचे तिकडे, पण वाक्य त्यांचंच होतं, कित्येक वर्षं ते त्यांनी स्वतः वापरलं होतं. दुसऱ्याच्या तोंडावर ते इतकं उघडंनागडं दिसेल अशी त्यांची कल्पना नव्हती.

ते उठले आणि टीव्हीपाशी जाऊन उभे राहिले. "चूप," ते म्हणाले, जॉबरच्या आवाजात, आणि तो आवाज त्या हॉलपुरता फारच मोठा असावा, कारण औषधांच्या खिडकीतला माणूसही बाहेर डोकावला. "आता पुन्हा दाखवते. बॉल नको पाह्यजो. त्याचे हात पाह्य." पडद्यावर गोल पुन्हा आला, सावकाश. भैयाजींनी बोट टेकवलं. "हे पाह्य, बोटं तोडली. फट पडून राह्यली म्हून सांगते. हे खांद्यावर, डावीकडं म्हून सांगते. पुन्हा तोडली. दोनदा सांगतलं त्यानं. त्या नव्यानं पाह्यलं नाई. शेजाऱ्यानं खूण केली अन् तू पाह्यलं नाई, तं दंड तुह्यावर. शेजाऱ्यावर नाई. गिरणीचा कायदा हाये."

कैलास चक्रावून म्हणाला, "पन काका, तुमाले कसं माह्यीत?"

"पोरगा हाये माह्या."

कैलासचा हात तोंडावर गेला, त्यामुळे पुढे तो काय म्हणाला ते भैयाजींना कळलं नाही. माफी मागितली असेल. तिसऱ्यांदा गोल दाखवला तेव्हा मात्र त्याने खरंच हात बघितले, आणि मान हलवली. भैयाजी तिथेच उभे राहून उरलेला सामना बघत राहिले. आता त्यांना बॉल दिसतच नव्हता. ओळ दिसत होती. कुठे फट पडणार ते पोराला पडायच्या आधी दिसत होतं, आणि तो ती बुजवत होता, पुन्हा पुन्हा. जे झालं नाही ते कोणाला दिसत नाही. चांगल्या कापडातही कोणाला धागा दिसत नाही, दोष असला तरच माणूस बोट ठेवतो. कापड दाखव, असं आपण म्हणत होतो, आणि पोरगा दर आठवड्याला ते जगासमोर पसरून दाखवत होता, आणि आपण वेणेच्या पुलावर जाऊन नदी बघत होतो. याचं त्यांना वाईट वाटलं, खूप वाटलं. पण त्याहून जास्त काहीतरी वर येत होतं, आणि त्याला गर्व म्हणायला त्यांना बिलकूल लाज वाटली नाही.

रोशनी ड्यूटी संपवून आली तेव्हा तिच्या हातात फोन होता आणि फोनमध्ये प्रफुल्ल. रोज या वेळेला तो बहिणीशी बोलायचा. हॉटेलची खोली, गुडघ्यावर बर्फ, दाढी वाढलेली, माणूस झोपलेला नाही हे दिसत होतं. रोशनीने बापाला टीव्हीपुढे उभं बघितलं, पडद्यावर काय आहे ते बघितलं, आणि घाबरून फोन मागे घेऊ लागली. भैयाजींनी तो तिला पुन्हा समोर धरायला लावला, आपले दोन्ही हात मोकळे राहतील असा. प्रफुल्ल काहीतरी बोलायला लागला. तो मोठमोठ्याने, तोंड फाडून बोलत असावा. भैयाजींनी तळवा दाखवला. थांब. मग त्यांनी तर्जन्या टोकाला टोक लावल्या आणि तोडल्या. डाव्या खांद्यावर दोन बोटं. त्याच्याकडे बोट: तू सांगितलंस. पुन्हा: दोनदा सांगितलंस. डोळ्यांवर हात: त्याने बघितलं नाही. दंड त्याच्यावर.

फोनमधला चेहरा हलायचा थांबला. सबंध देशाने काल रात्रीपासून त्या चेहऱ्यावर बोट ठेवलं होतं. भैयाजींनी उघडा तळवा एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत नेला, सपाट, सावकाश, जराही घाई न करता. प्रफुल्लने चेहरा फोनच्या इतका जवळ आणला की नुसतं कपाळ आणि ती जुनी खोक दिसू लागली. त्याचे ओठ हलत होते, पण रडताना ओठ वाचता येत नाहीत. तो काय म्हणतोय ते भैयाजींना कळेना. रोशनीकडे बघावं तर तीही त्याच अवस्थेत. पोराचा आवाज कसा आहे? मोठा झाल्यानंतरचा आवाज? तो आपण कधी ऐकलाच नाही की काय, असं त्यांच्या मनात आलं, आणि आज सकाळपासून पहिल्यांदा त्यांना घाई झाली.

"त्या मॅडम गेल्या का अजून हायेत?" त्यांनी विचारलं.

रोशनीने डोळे पुसून मान हलवली. आहेत.

"तं चाल. दोन्ही कानाची घेऊ. महागातली. तुले कमी भेटते हा माह्या वाद संपला नाई, हे प्रफुलले सांगून ठेवजो." ते काचेच्या खोलीच्या दिशेने चालूही लागले होते. मग थांबले, मागे वळले, आणि कैलासलाही, औषधांच्या खिडकीलाही, सगळ्या हॉललाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पैशाची काही फिकर नाई म्हणा मॅडमले. पोरगा कामावर हाये."